छोट्या विमानांची चाके व त्यांतील बिघाड

पुंडलिकनगरपासून चिकलठाण्याचे विमानतळ काही किलोमीटरवरच आहे. या वस्तीतील वडीलधाऱ्या मंडळींना २६ एप्रिल १९९३ ची दुपार आठवत असेल. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान औरंगाबादहून मुंबईस निघाले असता धावपट्टी संपता संपता कसेबसे उचलले गेले. पलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेली मालमोटार जात होती. तिच्यावर विमानाच्या डाव्या बाजूची चाके आदळली. पुढे विजेच्या तारांत सापडून विमान कोसळले व ११८ जणांपैकी ५५ जण प्राणास मुकले. वैमानिकांनी विमान उचलण्यास केलेला उशीर आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन न होणे, अशी दोन्ही कारणे चौकशीत नमूद झाली.

ते विमान मोठे होते. परंतु चाके हा विमानाचा सर्वांत खालचा आणि सर्वाधिक धक्के सोसणारा भाग, ही गोष्ट लहान विमानासही तितकीच लागू आहे.

नागपूर, गोंदिया, धुळे, बारामती येथे वैमानिक-प्रशिक्षणाची छोटी विमाने लोकांच्या नित्य परिचयाची आहेत. सेस्ना १७२ सारख्या विमानाची चाके कायम बाहेरच असतात. मागील दोन चाकांचे पाय लवचिक धातूचे असतात; ते टेकताना फाकतात व पुन्हा पूर्ववत होतात. पुढील चाकाच्या पायात मात्र तेल आणि दाबलेली हवा असते. हा पाय नाजूक. शिकाऊ हाताने पुढचे चाक आधी टेकविले की तो वाकतो, प्रसंगी मोडतो.

अधिक वेगाच्या विमानांत चाके पोटात ओढून घेण्याची सोय असते. त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो, पण यंत्रणा वाढते आणि तिच्याबरोबर बिघाडही. तेल गळते, विजेचा खटका अडकतो, कधी वैमानिक चाके सोडण्यासच विसरतो. चाके खाली येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात. दिवा न लागल्यास आधी दिवाच गेला नाही ना हे पाहतात. मग हाताने चाके उतरविण्याची पर्यायी व्यवस्था वापरतात. तथापि दिवा सांगतो तो पाय पक्का बसल्याचे. पायाला चाक आहे की नाही, हे तो सांगत नाही.

नागपूर येथे ६ मे २०२१ रोजी नेमके हेच घडले. रुग्णासह पाच जणांना घेऊन निघालेल्या बीचक्राफ्ट जातीच्या रुग्णवाहू विमानाचे एक चाक उड्डाण करतानाच निखळून पडले. पहाऱ्यावरील केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने ते पाहिले व तत्काळ वर्दी दिली. वैमानिकाने विमान मुंबईकडे नेले. एका बाजूस चाक नसताना उरलेल्या चाकांवर उतरणे धोक्याचे. विमान एकीकडे कलते व भरकटते. म्हणून चाके पोटातच ठेवण्यात आली. मुंबईच्या धावपट्टीवर अग्निशमन दलाने फेसाचा थर पसरला होता. त्यावर विमान पोटावर उतरविण्यात आले आणि पाचही जण सुखरूप बाहेर पडले.

मुंबईस फेस होता, बंब होते. प्रशिक्षणाचे विमान एखाद्या शिवारात उतरले तर तेथे प्रथम पोहोचतात ते गावकरी. अशा वेळी जखमींना बाहेर काढणे व ११२ क्रमांकावर कळविणे हे पहिले काम. छोट्या विमानाचे इंधन बहुधा पंखांत असते, त्यामुळे जवळपास विडी-काडी पेटू देऊ नये आणि गर्दी दूर ठेवावी. मोडलेला पाय किंवा दूर पडलेले चाक उचलून पंचायतीच्या कार्यालयात आणून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. वस्तू कोठे व कशी पडली यावरून तपास करणाऱ्यांना बिघाड हवेत झाला की जमिनीवर आदळून, हे ठरविता येते. पोलीस येईपर्यंत त्या जागेवर एक माणूस उभा ठेवावा.