सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण : अर्ज आणि अर्थ

वैद्यक, दंतवैद्यक वा औषधनिर्माणशास्त्राची पदवी हाती आल्यावर सार्वजनिक आरोग्याकडे वळावे की क्लिनिकल रिसर्चकडे, असा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना पडतो. या दोन वाटा शेजारच्या भासल्या तरी त्यांचे मुक्काम निराळे आहेत. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक संपूर्ण वस्तीचा विचार करतो : साथ कोठून पसरली, लसीकरण कोठे अडले. क्लिनिकल रिसर्चमध्ये औषध वा उपचार रुग्णांवर शास्त्रशुद्ध रीतीने पारखला जातो. चाचणीची आखणी, संख्याशास्त्र आणि रुग्णाची जाणतेपणी दिलेली संमती हे त्याचे गाभ्याचे विषय होत. भारतात जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंदणी अनिवार्य झाली व २०१९ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे या क्षेत्रात नियमांची जाण मोलाची ठरते.

परदेशाचा विचार करण्यापूर्वी स्वदेशी संस्था अवश्य पाहाव्यात. कोलकात्याची अखिल भारतीय स्वास्थ्य व जनस्वास्थ्य संस्था १९३२ पासून कार्यरत आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने एम.पी.एच. अभ्यासक्रम १९९७ मध्ये सुरू केला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेच.

अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक आरोग्य विद्यालयांचे अर्ज 'सोफास' या सामाईक व्यवस्थेतून जातात. येथे विलंब होतो तो गुणपत्रकांचा. परदेशी पदवीचे मूल्यमापन अधिकृत संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि आपल्या विद्यापीठातून मोहोरबंद प्रती मिळवणे हे धीराचेच काम! जी.आर.ई. परीक्षेची अट अनेक विद्यालयांनी शिथिल केल्याने उद्देशपत्र व शिफारसपत्रे यांचे वजन वाढले आहे. 'मला समाजाची सेवा करायची आहे' हे वाक्य सर्वच अर्जांत असते. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रातील आंतरवासितेत काय पाहिले, त्यातून कोणता प्रश्न मनात उरला, हे लिहिणारा अर्जदार उठून दिसतो.

आता अर्थकारण. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात १५ टक्के रक्कम कुटुंबास स्वतः उभारावी लागते. मोठ्या कर्जास तारण लागते आणि ते पुष्कळदा राहते घर असते. शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याजाची आकारणी चालूच असते, ही बाब पालकांच्या ध्यानी उशिरा येते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, एवढाच दिलासा.

परतफेडीच्या दृष्टीने आणखी एक तपशील निर्णायक ठरतो. अमेरिकेत पदवीनंतर कामाचा सराव-परवाना सामान्यतः एक वर्षाचा असतो. विज्ञान-तंत्रज्ञान गटात नोंदलेल्या पदवीस तो आणखी २४ महिने वाढवता येतो. जीवसंख्याशास्त्र व रोगपरिस्थितीविज्ञान या शाखा त्या गटात मोडतात, सर्वसाधारण एम.पी.एच. बहुधा मोडत नाही. एकाच विद्यापीठाच्या दोन पदव्यांत हा फरक असू शकतो. म्हणून पदवीचा वर्गांकन-क्रमांक आणि त्या वेळचे नियम प्रवेश कार्यालयाकडून लेखी मागवावेत, आणि मगच घराची कागदपत्रे शाखेत आणावीत.