खान्देशी भाकरी, उपवास आणि आरोग्य

साक्री परिसरातील आहारात भाकरीस मानाचे स्थान आहे. खान्देशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. ती उणीव उडीद भरून काढतात. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात नागली खाल्ली जाते. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते अत्यल्प असते. भाकरीसोबत लिंबू घेतल्यास धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, तर जेवणालगतच्या चहाने ते शोषण घटते.

नित्याच्या आहारात लाभणारा हा समतोल उपवासात मात्र सहज ढळतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्याऐवजी भगर, शेंगदाणे, ताक व फळे बेताने घेणे हितकर ठरते.

मधुमेही भाविकांनी विशेष दक्षता घ्यावी. इन्सुलिन वा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम, थरथर व भोवळ ही त्याची लक्षणे होत. म्हणून व्रतापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि यात्रेत साखर जवळ बाळगावी. लक्षणे दिसताच ती त्वरित घ्यावी. उपवास मोडेल या संकोचाने विलंब करू नये.