पाणी उकळले, पण धातूंचे काय?

गेल्या आठवड्यात एक शेतकरी दवाखान्यात आले. त्यांच्या विहिरीशेजारून कारखान्याचा नाला वाहतो. "डॉक्टर, आम्ही पाणी वीस मिनिटं उकळून पितो. आता काळजी नाही ना?"

मला 'हो' म्हणता येईना. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले धातू तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम पाण्यात आणि भातात उतरले. लोकांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. रोगी 'इताई, इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' म्हणून कण्हत. तेच त्या रोगाचे नाव पडले. या रोगाचे मूळ कॅडमियममध्ये आहे, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले.

मग हे धातू काढायचे कसे? गंमत अशी, की ज्या जंतूंना मारायला आपण पाणी उकळतो, त्यांचेच काही भाऊबंद येथे उपयोगी पडतात. नेदरलँड्समध्ये बुडेल येथील जस्ताच्या कारखान्याखालचे भूजल दूषित झाले होते. तेथे १९९२ साली जीवाणूंच्या टाक्या बसवल्या. प्राणवायू नसलेल्या टाकीत हे जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार करतात. त्याच्याशी संयोग झाला की जस्त, कॅडमियम विरघळलेले राहत नाहीत. त्यांचा गाळ तळाशी बसतो.

"मग ते जंतू आमच्या विहिरीत सोडता येतील का?" शेतकऱ्यांनी विचारले. मुळीच नाही! तो वायू विषारी आहे. शिवाय धातू नाहीसा होत नाही, पाण्यातून फक्त गाळात जातो. बुडेलला तो गाळ पुन्हा जस्ताच्या कारखान्यात वापरतात. विहिरीत मात्र तो तळाशीच पडून राहील. हे काम कारखान्याच्या आवारात, सांडपाणी बाहेर पडण्यापूर्वीच व्हायला हवे.

वाचकहो, विहीर अशा नाल्याजवळ असेल तर पाणी प्रयोगशाळेत द्या आणि धातूंची तपासणी आवर्जून मागा. जंतूंच्या तपासणीत धातू कळत नाहीत. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना, जिभेला ते समजणार नाही.

त्या शेतकऱ्यांनी बाटली तपासायला दिली आहे. अहवाल येईपर्यंत घरात गावच्या नळाचे पाणी भरतात आणि तेही उकळूनच पितात.