स्पॅनिशच्या रानात आणि गोठ्यात

कॉलेजच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. फी भरायला उशीर का झाला, असे सरांनी भर वर्गात विचारले. मी उभा राहून खरे ते सांगितले, "सर, वडिलांनी आठवड्याच्या बाजारात पाट विकली, मग पैसे आले." वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग एकदम फुटला. बसायचा लाकडी पाट विकून फी भरणारा मुलगा त्यांनी प्रथमच पाहिला असावा. मागच्या बाकावरून कोणी विचारले, "चौरंग शिल्लक आहे ना रे? परीक्षेची फी अजून यायची आहे." सरही हसले. आमच्याकडे पाट म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, एवढे सांगायलाही माझे तोंड उघडले नाही. त्या दिवसापासून मी 'शेळी' म्हणू लागलो आणि घरचे पुष्कळसे शब्द एस.टी.तच ठेवून उतरायला शिकलो.

दुसऱ्या वर्षी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातले. हेतू फार उदात्त नव्हता. नव्या भाषेत सगळेच सारखे अडाणी, तिथे कोणी कोणाला हसणार नाही, एवढाच हिशोब. पुस्तकात एक धडा शेतावरचा होता. गाय 'वाका', घोडा 'काबायो', डुक्कर 'सेर्दो', शेळी 'काब्रा'. चित्रातली जनावरे नुकतीच आंघोळ करून उभी राहिल्यासारखी स्वच्छ. एका जनावराला एक शब्द, की धडा संपला. मी तो पाठ केला आणि आपल्याला स्पेनमधले शेत कळले असे समजलो.

पुढे बाईंनी मेक्सिकोतली एक छोटी गोष्ट ऐकायला लावली. तिच्यातली म्हातारी अंगणात 'ग्वाहोलोते'ला दाणे टाकते. माझ्या खिशातल्या शब्दकोशात ग्वाहोलोते नव्हता. बाई म्हणाल्या, "अरे, आपला धड्यातला पावो तो!" पावो म्हणजे टर्की, हे मला ठाऊक होते, पण म्हातारीने तसे का म्हणू नये, हे कळेना. त्या रात्री एक जुनी वही काढली, तीन रकाने आखले : शब्द, प्राणी, प्रदेश. प्रस्तुत लेख हा त्या वहीचाच गोषवारा समजावा.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत तो 'ह्वेशोलोत्ल', त्याचेच ग्वाहोलोते झाले. ग्वातेमालात तोच 'चोम्पिपे', क्यूबात 'ग्वानाहो'. स्पेनमधून आलेल्यांनी मात्र त्याला 'पावो' म्हटले, आणि पावो हा त्यांच्याकडे मोराचा शब्द होता! शेपटीचा पंखा करून मिरवणारा मोठा पक्षी दिसला, दिले मोराचे नाव. मग खऱ्या मोराची पंचाईत झाली. त्याला 'पावो रेआल', म्हणजे राजेशाही पावो, व्हावे लागले. मोर आपल्याकडचा, त्याचे स्पॅनिश नाव पळवले मेक्सिकोच्या कोंबडीवजा पक्ष्याने. पोर्तुगीज भाषेत तर टर्कीला 'पेरू' म्हणतात. त्यामुळे तिथे पेरू खाल्ला असे कोणी म्हणाले तर आपण फळ समजू नये.

अशी उसनी नावे त्या खंडात जागोजाग आढळतात. जग्वारला फार मोठ्या प्रदेशात 'तिग्रे', म्हणजे वाघच म्हणतात. ब्वेनोस आयरेसजवळ तिग्रे नावाचे गाव आहे, ते या जग्वारांवरूनच. वास्तविक अमेरिकेत वाघ कधीच नव्हता. ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश इतिहासकाराने १५२६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात, हे खरोखर वाघच आहेत का, अशी शंका घेतली होती. पण नाव तोवर रुजले होते. तसाच पूमा हा बऱ्याच ठिकाणी 'लेओन', म्हणजे सिंह. 'पूमा' हा शब्द इंकांच्या केचुआ भाषेतला. जग्वारला ग्वारानी भाषेत 'याग्वारेते', आणि पेरू देशाच्या जंगलपट्टीत केचुआवरून 'ओतोरोंगो'. हे वाचून मला प्रथम स्पॅनिश लोकांचे हसू आले. मग आठवले, कोकणात 'काल वाघ आला होता' म्हणतात तेव्हा बहुधा बिबट्याच आलेला असतो. आणि खऱ्या वाघाला आपण 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' हे विशेषण जोडतो. म्हणजे आपल्याकडेही वाघाला पावो रेआल व्हावे लागले आहे. खवले मांजराला मांजर कोणी म्हटले, हाही प्रश्न आहेच.

वहीतले सर्वांत भरलेले पान गिधाडाचे. अमेरिकेतले एक काळे गिधाड अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपासून थेट चिलीपर्यंत आढळते. पक्षी एकच. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत तो 'सोपिलोते', हा शब्दही नाहुआत्लमधला. व्हेनेझुएलात 'सामुरो'. कोलंबिया, एक्वादोर, पेरू येथे 'गायिनासो'. गायिना म्हणजे कोंबडी, तेव्हा हा झाला कोंबडा-थोरला. उरुग्वेकडे 'क्वेर्वो', म्हणजे स्पेनमधला डोमकावळा. आणि चिलीत? चिलीत त्याला 'होते' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द पाठ करावा लागत नाही. पण वहीत 'गिधाड = होते' असे लिहिले आणि पेन थांबले. आमच्या गावच्या ढोरफोडीच्या माळावर गिधाडांचे थवे उतरत, असे वडील सांगतात. मी एकही पाहिलेले नाही. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने संपली. गुरांना देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. चिलीचा 'होते' आजही उकिरड्यावर बसलेला असतो. आमच्या माळावर गिधाड होते.

असो. पाळीव जनावरांकडे वळू. डुकराला स्पेनच्या पुस्तकात सेर्दो, पण पेरू, चिली, आर्हेन्तिनाकडे 'चान्चो'. मेक्सिकोत चिमुरड्या पोराला वैतागून 'एस्क्विंक्ले' म्हणतात; हा शब्द नाहुआत्लमध्ये कुत्र्याचा. आपल्याकडेही आई पोरांना कोणकोणत्या जनावरांची नावे देते, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. अँडीज पर्वतातल्या स्वयंपाकघरांत चुलीच्या उबेला एक लहान प्राणी खाण्यासाठी पाळतात. आपण त्याला प्रयोगशाळेतला गिनी पिग म्हणून ओळखतो. त्याचे तिथले नाव 'कुय'. स्पेनमध्ये तो 'कोनेहियो दे इंदियास', म्हणजे इंडीजचा छोटा ससा. तो ससाही नव्हे आणि आपल्याकडचाही नव्हे. लामाला सुरुवातीच्या स्पॅनिश लोकांनी 'कार्नेरो दे ला तिएर्रा', म्हणजे 'या मुलखाचा मेंढा' म्हटले होते. ते नाव मात्र टिकले नाही. लामा, आल्पाका, विकुन्या, ग्वानाको हे चारही तिथल्याच लोकांचे शब्द पुढे स्पॅनिशने निमूटपणे घेतले. कारण उघड आहे. ज्याला ही चार जनावरे वेगळी ओळखायची, त्याचे एका 'मेंढ्या'वर भागत नाही.

येथे एक हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण ती वाचल्यावर माझ्या वहीचा मलाच नवा अर्थ लागला. शहामृगासारखा दिसणारा दक्षिण अमेरिकेतला पक्षी म्हणजे ऱ्हीया. ग्वारानीवरून आलेले त्याचे नाव 'न्यांदू'. पण गुरे राखणारे घोडेस्वार गाउचो त्याला शहामृगाचेच नाव देत, 'अवेस्त्रुस'. १८३३ साली चार्ल्स डार्विन रिओ नेग्रो नदीकाठी होता, तेव्हा गाउचोंच्या तोंडून त्याने वारंवार 'अवेस्त्रुस पेतिसे' असा शब्द ऐकला. पेतिसे म्हणजे बुटका. हा पक्षी नेहमीच्या अवेस्त्रुसहून लहान, रंगाने गडद, पाय आखूड आणि पिसे पायावर अधिक खालपर्यंत, असे गाउचो सांगत. पुढे पातागोनियाच्या किनाऱ्यावर जहाजावरच्या चित्रकाराने, मार्टेन्सने, एक पक्षी मारला. डार्विनला वाटले, नेहमीच्याच जातीचे पिल्लू. तो पक्षी शिजला आणि पानात वाढलाही गेला. मग डार्विनला गाउचोंचा शब्द आठवला! डोके, मान, पाय, पंख आणि बरीचशी कातडी सुदैवाने उरली होती. ती गोळा करून लंडनला गेली आणि १८३७ साली जॉन गूल्डने त्या पक्ष्याला डार्विनचे नाव दिले. पण दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन आधीच, १८३४ साली, प्रसिद्ध केले होते, म्हणून शास्त्रात त्याचे नाव चालते. मापुचे लोकांनी त्या पक्ष्याला केव्हापासूनच 'चोइके' हे स्वतंत्र नाव दिलेले आहे. म्हणजे लंडन-पॅरिसच्या पंडितांआधी त्या दोन जाती ज्यांना ठाऊक होत्या, त्यांच्यापाशी दोन शब्द होते. डार्विनने तो शब्द कानावर घेतला होता आणि जेवणाच्या वेळी विसरला, इतकेच.

हे वाचले त्या संध्याकाळी मी ग्रंथालयातला थोरला स्पॅनिश कोश मागून घेतला. 'काब्रा'च्या आसपासची पाने चाळताना कळले, की धड्यातली स्वच्छ शेळी ही शहरातल्या माणसाची शेळी होती. दूध पिणारे करडू 'काब्रितो'. दूध सुटले की 'चिवो', मादी असेल तर 'चिवा'. आणि वर्ष उलटले, पण दोन पुरी झाली नाहीत, अशा शेळीला किंवा मेंढीला स्पेनमधले धनगर म्हणतात 'प्रिमाला'. मी ती ओळ तीनदा वाचली. ही तर पाट! अगदी तंतोतंत नाही. आम्ही वय मोजत नाही, व्याली की नाही ते पाहतो. पण बाजारात जिचा भाव वेगळा लागतो, तिला शब्द वेगळा, हे दोन्हीकडे सारखेच.

बाईंनी पुढच्या तासाला 'माझे घर' या विषयावर बोलायला सांगितले. मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी माझ्या फीसाठी एक प्रिमाला विकली." बाई थांबल्या. त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी कोश काढला, पाहिला, फळ्यावर लिहिला आणि मला विचारले, "याला मराठीत काय म्हणतात रे?" वर्गात माझ्या पहिल्या वर्षाच्या तुकडीतली दोघेजण बसली होती. मी सांगितले. या वेळी एकजणही हसला नाही. एकाने तर तो वहीत उतरवून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत तीच वही घरी नेली आणि तिला चौथा रकाना आखला. आई चुलीपुढे बसून सांगत गेली : करडू, पाट, बोकड, गाभण, भाकड, गाईची कालवड आणि गोऱ्हा, म्हशीचे रेडकू, मग वगार, अंगावर ठिपके असतील तर बांडी, कपाळावर पांढरा टिळा असेल तर चांदी. मी तिला सांगितले, की आर्हेन्तिनात घोड्याच्या रंगांवर सोलानेत नावाच्या गृहस्थांनी आख्खे पुस्तक लिहिले आहे, आणि त्यांनीच दिलेले मांचा व गातो हे दोन घोडे १९२५ साली ब्वेनोस आयरेसहून निघून १९२८ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. त्यातल्या मांचाचे नाव त्याच्या अंगावरच्या डागांवरूनच पडले. आई म्हणाली, "मग बांडाच की तो." आणि थोड्या वेळाने, "हे परीक्षेला येतं का?" मी नाही म्हणालो. ती पुन्हा सांगू लागली. तिने सांगितलेले दोन शब्द मला अजून कोणत्याही मराठी कोशात सापडलेले नाहीत.

धाकट्या भावाने यंदाच्या करडाचे नाव प्रिमाला ठेवले आहे. आई तिला पिरमी म्हणून हाक मारते, आणि ती येते.