दारातले वाहन आणि घरातला दिवा

जबलपूरला वीज आणि ट्रक या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. मध्य प्रदेशाच्या वीज कारभाराचे केंद्र असलेले ‘शक्ती भवन’ याच शहरातील रामपूर भागात आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या येथील वाहन निर्माणीत लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक तयार होत. तरीही उन्हाळ्याअखेरच्या वादळात एखादी फांदी तारांवर कोसळली, की विजेच्या या माहेरघरातही मेणबत्त्यांची शोधाशोध सुरू होते. विजेवर चालणारे वाहन दारात असेल, तर त्याच्याच बॅटरीतून घराला वीज मिळू शकते.

ही कल्पना आपत्तीतून रुजली. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्ये वीजटंचाई निर्माण झाली आणि पुढच्याच वर्षी निस्सान कंपनीने ‘लीफ’ मोटारीतून घराला वीज पुरविणारी यंत्रणा बाजारात आणली. अमेरिकेत २०२२ साली आलेला फोर्डचा ‘एफ-१५० लाइटनिंग’ हा विजेवरचा ट्रक योग्य जोडणी असल्यास घराला ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देऊ शकत असे. भारतात २०२३ साली आलेल्या सुधारित ‘नेक्सॉन ईव्ही’मध्ये बाहेरची उपकरणे चालविण्याची सोय देण्यात आली, तिची मर्यादा सुमारे ३.३ किलोव्होल्ट-अँपिअर आहे. सर्वच विद्युत वाहनांत ही सोय नसते. वाहन घेताना ते विचारून घ्यावे.

बॅटरीतील वीज एकदिश असते. वाहनातील यंत्रणा तिचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करते. घरोघरी दिसणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत जेमतेम १.८ युनिट वीज मावते, ४०.५ युनिटांची वाहनाची बॅटरी तिच्या बावीस पटींहून मोठी. ७५ वॅटचे चार पंखे, सहा एलईडी दिवे आणि एक फ्रिज यांना रात्रीच्या दहा तासांत साधारण चार युनिट लागतात. रूपांतरातील घट धरली तरी अर्ध्या बॅटरीत चार रात्री निघतील. उरलेली अर्धी राखून ठेवावी, कारण अडीअडचणीला रुग्णालय गाठायचे ते याच वाहनातून. गीझर आणि वातानुकूलन यंत्र मात्र एकाच वेळी चालविण्याचा मोह टाळावा. त्या भाराने पुरवठा बंद पडेल. जनित्रासारखा धूर आणि आवाज नाही, हे दाट वस्तीत विशेष सोयीचे.

खरा धोका जोडणीत आहे. वाहनातून काढलेल्या तारेला दोन्ही टोकांना पिन लावून ती घरातील सॉकेटमध्ये खुपसण्याची युक्ती काही उत्साही मंडळी सुचवितात. ती जीवघेणी आहे. अशी वीज मीटरमधून उलट बाहेर पडून रस्त्यावरील रोहित्रापर्यंत पोहोचू शकते. रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणते. उलट दिशेने वीज मिळाली, तर तेच ती चढवून ११,००० व्होल्टच्या वाहिनीत सोडते. पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात ती तार असते.

म्हणून दोनच मार्ग योग्य ठरतात. पहिला, वाहनाच्या सॉकेटला योग्य जाडीची वायर जोडून फ्रिज, पंखा वा दिवा थेट त्यावर चालविणे; यात घराच्या वायरिंगला हात लागत नाही. दुसरा, परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. हा स्विच एका वेळी एकच पुरवठा घराला जोडतो, दुसरा पूर्णपणे तोडतो. त्याआधी वाहनाच्या पुस्तिकेत घराशी अशा जोडणीला परवानगी आहे का हे पाहावे, आणि अर्थिंगची तपासणीही कंत्राटदाराकडून करून घ्यावी. कोणती बाजू वाहनाची आणि कोणती वीज कंपनीची, हे स्विचवर ठळक अक्षरांत मराठीत व हिंदीत लिहून चिकटवावे. अंधारात तो घरातील कोणालाही फिरवावा लागेल.