शब्द आणि स्वर : डीट्रिख फिशर-डीस्काउ

पाश्चात्त्य संगीतात पुरुषकंठाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. वरच्या पट्टीत सहज विहरणारा तो टेनर, खर्जात रमणारा तो बास, आणि या दोहोंमधला, आपल्या नित्याच्या बोलण्याला सर्वांत जवळचा, तो बॅरिटोन. ऑपेरात नायकाची भूमिका बहुधा टेनरच्या वाट्याला जाते. बॅरिटोनसाठी उरतात ते बाप, मित्र, प्रतिस्पर्धी आणि खलपुरुष. अशा मधल्या आवाजाचा एक गायक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य कलावंतांत गणला गेला. त्याचे कारण डीट्रिख फिशर-डीस्काउ यांच्या गळ्यात जितके होते, तितकेच त्यांच्या काव्यवाचनात होते.

त्यांचा जन्म २८ मे १९२५ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. मुलगा बारा वर्षांचा असतानाच वडील वारले. मार्टिन नावाचा एक भाऊ अपंग होता. नाझी राजवटीने त्याला एका संस्थेत पाठविले आणि तेथे उपासमारीने त्याचा अंत झाला. ज्या भाषेत हा मुलगा कविता पाठ करीत होता, त्याच भाषेत असे हुकूम निघत होते.

जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागातील नगरभवनात त्यांनी शूबर्टची 'विंटररायझे' ही गीतमाला गायिली. 'विंटररायझे' म्हणजे हिवाळ्यातील प्रवास. विल्हेल्म म्यूलर या कवीच्या चोवीस कवितांना शूबर्टने १८२७ साली स्वरबद्ध केले होते. कार्यक्रम चालू असता ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला. श्रोते व गायक तळघरात गेले, आणि धोका टळल्यावर वर येऊन उरलेली गीते झाली. पुढे सैन्यातली सक्तीची भरती, रशियन आघाडीवर घोड्यांची देखभाल, १९४५ मध्ये इटलीत अमेरिकन सैन्याच्या हाती सापडणे आणि दोन वर्षांचा बंदिवास. छावणीत घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या सैनिकांना ते गाणी ऐकवीत.

सुटकेनंतरची चढण मात्र विलक्षण वेगाची होती. १९४७ मध्ये बाडेनवायलर येथे आयत्या वेळी, तालमीविना, दुसऱ्या गायकाच्या जागी ते ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'मध्ये उभे राहिले. १९४८ मध्ये बर्लिनच्या रिआस नभोवाणीने त्यांची 'विंटररायझे' ध्वनिमुद्रित केली, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या ऑपेरात व्हेर्दीच्या 'डॉन कार्लोस'मधील पोझाची भूमिका त्यांना मिळाली. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते.

ऑपेरात त्यांनी पुष्कळ नाव मिळविले, तरी त्यांचे खरे घर 'लीड' हेच म्हणावे लागेल. लीड म्हणजे चांगल्या कवितेला दिलेली चाल, एक कंठ आणि एक पियानो. आपल्या भावगीताशी त्याचे दूरचे नाते लावता येईल. फरक एवढाच, की येथे पियानोवादक निव्वळ साथीदार नसून बरोबरीचा वाटेकरी असतो. जेरल्ड मूर या इंग्रज वादकासह १९६६ ते १९७२ या काळात त्यांनी शूबर्टची चारशेहून अधिक गीते ध्वनिमुद्रित केली. शब्दातील प्रत्येक व्यंजन ऐकू यावे, कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी, आणि एकाच कडव्यात संशय व आशा वेगळ्या ओळखू याव्यात, ही त्यांची रीत. ती सर्वांनाच रुचली असे नाही. फ्रेंच लेखक रोलाँ बार्त यांनी १९७२ मध्ये तक्रार केली, की या गायनात अर्थ फार आणि देह कमी आहे. आक्षेप निराधार नाही. काही गीतांत शब्दावर दिलेला जोर चालीला जड होतो. परंतु ज्याने आपली भाषा विटाळलेली पाहिली, त्याने तिचा एकेक शब्द असा जपून उच्चारावा, यात नवल ते काय?

या जपणुकीची कसोटी जर्मनीबाहेर लागली. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्रीचे प्राचीन कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले होते. शेजारीच उभारलेल्या नव्या वास्तूत ३० मे १९६२ रोजी बेंजामिन ब्रिटन यांचे 'वॉर रेक्विएम' प्रथम सादर झाले. ब्रिटन यांनी त्यात लॅटिन प्रार्थनेबरोबर विल्फ्रेड ओवेन याच्या कविता गुंफल्या होत्या. हा कवी १९१८ मध्ये, युद्ध संपायला आठवडा उरला असता, मारला गेला होता. तीन एकल गायकांत एक इंग्रज, एक रशियन व एक जर्मन असावा, अशी योजना होती. सोव्हिएत सरकारने गालिना विश्नेव्हस्काया यांना परवानगी नाकारली व त्यांच्या जागी हेदर हार्पर गायिल्या. पीटर पिअर्स आणि फिशर-डीस्काउ मात्र ठरल्याप्रमाणे उभे होते. शेवटच्या कवितेत मृत्यूनंतर दोन सैनिकांची भेट होते, आणि मारला गेलेला शत्रू आपली ओळख देतो. ते शब्द जर्मन गायकाच्या मुखी होते, आणि ते इंग्रजीत होते. गायन संपले तेव्हा ते अश्रूंनी इतके कोलमडले होते, की पिअर्स यांना त्यांना आधार देऊन उठवावे लागले.

त्यानंतरही तीस वर्षे ते गात राहिले. शेक्सपिअरच्या लिअरवर ऑपेरा व्हावा हा आग्रह त्यांचाच; आरिबेर्ट राइमान यांनी तो लिहिला आणि ९ जुलै १९७८ रोजी म्युनिकमध्ये फिशर-डीस्काउ लिअर झाले. ३१ डिसेंबर १९९२ रोजी त्याच शहरात त्यांनी जाहीर गायन थांबविले. पुढील काळ वाद्यवृंदाचे संचालन, शिकविणे, चित्रे काढणे आणि लिहिणे यांत गेला. कविता मात्र सुटली नाही. गाणे थांबल्यावर ते त्या मोठ्याने वाचून दाखवीत. १८ मे २०१२ रोजी बव्हेरियातील बेर्ग येथे त्यांचे निधन झाले. सत्त्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला दहा दिवस उरले होते.