आपले स्टेशन, आपला वारसा

आपल्या गावाच्या नावात किल्ला आहे, गावात मात्र नाही! आमच्या मते आपली खरी ऐतिहासिक वास्तू म्हणजे रेल्वे स्टेशन. १८८८ साली मुरगाव बंदराची मीटरगेज लाईन घाट चढून येथपर्यंत आली. पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा, अलीकडे इंग्रजांचा मुलूख. म्हणून येथे उतारूंचे सामान उघडून जकातीची तपासणी होई. खाली कुळ्याला पोर्तुगीज पुन्हा तपासत. १९५५ साली गोव्याच्या गाड्या बंद पडल्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि ही हद्दच उरली नाही. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आली; रुळांमधील अंतर १ मीटरवरून १.६७६ मीटर झाले. चढ तेवढाच, ३७ मीटरला १ मीटर.

सामान कोठे उघडत, माणसे काय लपवीत, हे भिंती सांगत नाहीत. ती तपासणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा या रविवारी घरातील, शेजारच्या आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील तसेच, त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून आणा. शुद्धलेखनाचे गुण आम्ही कापणार नाही.